पंप किती घ्यायचा यापेक्षा तो रोज का लागतोय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर तुमच्या लक्षात येईल. वय ३६, तीन वर्षांपासून सायकल, आठवड्याला चार-पाच राईड. वर्षभरापासून असं होतंय की जोर लावून चढ चढताना फारसं काही होत नाही, पण वर पोचून थांबलात की पाच-दहा मिनिटांत खोकल्याची उबळ येते, छाती आवळते, श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजते. अर्ध्या-पाऊण तासात आपोआप निवळतं. त्याच राईडमधल्या दुसऱ्या चढाला मात्र एवढा त्रास होत नाही, याचं तुम्हालाच नवल वाटतंय. डॉक्टरांनी छाती तपासून ‘व्यायामाचा दमा’ सांगितला आणि निळा पंप दिला, राईडआधी दोन पफ. पहिले काही महिने छान गेले, आता दोन पफनी भागत नाही. तेव्हा चार घेऊ का, आणि दोन महिन्यांवर आलेली १०० किलोमीटरची स्पर्धा सोडून देऊ का, असं तुम्ही विचारलंय.

मी छातीविकारतज्ज्ञ आहे. वीसेक वर्षं लोकांना नळीत फुंकायला लावून त्यांच्या फुप्फुसांचे आकडे वाचते आहे, आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःही सायकल हाणते. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे औषधांबद्दल मी जे लिहीन ते तुमच्या डॉक्टरांशी बोलण्यासाठी आहे, परस्पर बदल करण्यासाठी नाही.

सरळ उत्तर आधी देते. पफ स्वतःहून वाढवू नका, आणि स्पर्धाही आजच सोडू नका. पण खरा प्रश्न पफच्या संख्येचा नाहीच. हा दमाच आहे हे कुणी मोजून पाहिलंय का, हा पहिला प्रश्न. आणि असेल, तर आठवड्यातून पाच दिवस पंप मारावा लागतोय म्हणजे श्वासनलिकांच्या आतली सूज कोण बघतंय, हा दुसरा.

हे घडतं कसं ते आधी बघू. ते एकदा डोक्यात बसलं की पुढचं बरंचसं आपोआप पटतं. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. चढावर जीव तोडून पेडल मारणारा हौशी सायकलस्वारसुद्धा १०० लिटरच्या आसपास किंवा पुढे जातो. हवा गरम करणं, ओली करणं, गाळणं हे नाकाचं काम. पण एवढी हवा नाकातून ओढता येत नाही, तोंड उघडावंच लागतं. मग कोरडी हवा थेट छातीत उतरते आणि तिला ओलं करण्याचं काम श्वासनलिकांच्या अस्तरावर येऊन पडतं. त्या अस्तरावर पाणी असतं तरी किती? श्वासनलिकेच्या पहिल्या दहा फाट्यांतलं सगळं मिळून एक मिलिलीटरसुद्धा नाही. तो थर आटू लागला की उरलेलं पाणी जास्त खारट होतं, आजूबाजूच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं, आणि तिथल्या मास्ट पेशी हिस्टामिन, ल्युकोट्रिनसारखी रसायनं सोडतात. नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. जोरजोरात श्वास चालू असतो तोवर त्या खोल श्वासांच्या ताणानेच नळ्या बऱ्यापैकी उघड्या राहतात. तुम्ही थांबता, तो आधार जातो, आणि मग शिट्टी वाजायला लागते. म्हणजे चढ संपल्यावर, फोटो काढायला उभं राहिल्यावर त्रास होतो यात नवल काही नाही, हा आजार वागतोच तसा. पाच ते पंधरा मिनिटांत सगळ्यात वाईट, तासाभरात बरंचसं साफ.

आणि तुमचा तो दुसरा चढ! तुम्ही सहज लिहून गेलात, पण अख्ख्या प्रश्नात मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट तीच आहे. एकदा नळ्या आवळून मोकळ्या झाल्या की पुढचे एक ते तीन तास साधारण निम्म्या लोकांमध्ये त्या तेवढ्या जोराने पुन्हा आवळत नाहीत. चिडायची असते तेवढी त्या चिडून झालेल्या असतात. याचा आपल्याला फायदा करून घेता येतो, त्याकडे पुढे येतेच.

आता निदान. तुमचं वर्णन पुस्तकात घालावं इतकं जुळतंय, तरीही मी फक्त वर्णनावर विश्वास ठेवत नाही, कारण या आजारात माझी स्वतःची फजिती झालेली आहे. खेळाडूने सांगितलेली लक्षणं आणि यंत्राने दाखवलेला आकडा यांचं पुष्कळदा जुळत नाही, आणि ते दोन्ही बाजूंनी. एक धावपटू मुलगी दोन वर्षं वेगवेगळे पंप घेऊन माझ्याकडे आली होती. तिला त्रास व्हायचा तो शर्यतीच्या ऐन भरात. थांबली की चार-पाच मिनिटांत सगळं शांत. आवाज यायचा तो श्वास आत घेताना, आणि ‘कुठे अडकतं’ विचारलं की तिचा हात छातीकडे न जाता गळ्याकडे जायचा. तो दमा नव्हता. जोराच्या श्वासाबरोबर स्वरयंत्राची फट उघडायच्या ऐवजी मिटत होती. त्याला पंपाचा काही उपयोग नाही, श्वास घेण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. तुमचा हात कुठे जातो, आवाज आत घेताना येतो की सोडताना, आणि जोर लावताना येतो की थांबल्यावर, हे पुढच्या राईडला नीट बघून ठेवा. डॉक्टरांना तेवढं सांगितलंत तरी अर्धं काम होतं.

याशिवाय रक्त कमी असणं, पित्त घशाशी येणं, हृदयाचं काही दुखणं किंवा नुसता सराव कमी पडणं, यांतही धाप लागते. छातीत दुखून डावा हात भरून येणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, धडधड यातलं काहीही होत असेल तर आधी हृदयाची तपासणी, दम्याचं नंतर बघू.

मोजायचं कसं? साधी स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकून पहिल्या एका सेकंदात किती लिटर हवा बाहेर पडते ते बघणं, हे तर हवंच. पण आरामात बसून केलेली ही तपासणी व्यायामाच्या दम्यात अगदी नॉर्मल येऊ शकते, आणि मग ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ म्हणून माणूस परत पाठवला जातो. खरी चाचणी घाम काढून करायची. वॉर्मअप न देता दोन-तीन मिनिटांत हृदयगती कमाल गतीच्या ८० ते ९० टक्क्यांपर्यंत न्यायची, एकूण सहा ते आठ मिनिटं दमवायचं, थांबवायचं, आणि मग ५, १०, १५, ३० मिनिटांनी फुंकायला लावायचं. आकडा १० टक्के किंवा जास्त घसरला तर निदान पक्कं. एका सायकलस्वाराचा कागद अजून आठवतो. आधी ३.४ लिटर. थांबल्या थांबल्या ३.४, आणि गडी माझ्याकडे बघून हसतोय की ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ पाचव्या मिनिटाला ३.०. दहाव्या मिनिटाला २.६, आणि हसू खोकल्यात बुडालेलं. जवळजवळ पाव भाग हवा गायब. पाचव्या मिनिटाआधी मोजमाप थांबवलं असतं तर त्याला बिनआजाराचं प्रमाणपत्र मिळालं असतं.

तुमच्यासारख्या तयारीच्या माणसाला प्रयोगशाळेतली सायकल कधीकधी पुरेशी दमवत नाही. अशा वेळी कोरड्या हवेत सहा मिनिटं मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावायची किंवा मॅनिटॉल नावाच्या साखरेसारख्या पदार्थाची पूड तोंडाने श्वासात ओढायला लावून बघायची अशाही चाचण्या आहेत, पण त्या सगळीकडे होत नाहीत. होत नसतील तर पीक फ्लो मीटर नावाची साधी नळी घ्या. राईडआधी तीनदा फुंकून त्यातला मोठा आकडा लिहा, जोराच्या चढानंतर ५, १०, १५ आणि ३० मिनिटांनी पुन्हा तसंच. १५ टक्क्यांहून जास्त घसरण दोन-तीन राईडमध्ये दिसली तर डॉक्टरांपुढे ठेवायला ठोस पुरावा झाला. हा आकडा फुंकणाऱ्याच्या जोरावर अवलंबून असतो, म्हणून दर वेळी सारख्याच ताकदीने फुंका. पंप न घेता असं मोजून बघायला डॉक्टरांची हरकत नाही ना, ते आधी विचारा. एकटे जाऊ नका, आणि पंप खिशात हवाच.

आता तुमचा निळा पंप. त्यात बहुधा सालब्युटामॉल किंवा त्याचा भाऊबंद असणार. व्यायामाआधी पंधरा मिनिटं दोन पफ घेतले की आवळू पाहणारे स्नायू दोन ते चार तास ढिले राहतात. कधीमधी घ्यायला उत्तम औषध आहे. गडबड होते ती रोज घेतल्यावर. ज्या जागी हे औषध चिकटतं त्या जागा सततच्या माऱ्याने बधिर होत जातात, संरक्षण कमी वेळ टिकतं, आणि एकदा नळ्या आवळल्या की त्याच पंपाने मोकळ्या व्हायलाही जास्त वेळ लागतो. तुमच्या तक्रारीशी हे जुळतंय ना? दोन पफनी भागत नाही म्हणून चार घ्यायचे, तर बधिरपणा आणखी वाढवायचा.

दुसरं असं की हा पंप फक्त स्नायू ढिले करतो, सुजेला हातही लावत नाही. दम्याच्या उपचारांची जागतिक दिशा ठरवणाऱ्या ‘जीना’ या गटाने २०१९ साली स्पष्ट भूमिका घेतली की मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, सोबत श्वासातून घेण्याचं स्टिरॉइड कोणत्या ना कोणत्या रूपात असावंच. ‘स्टिरॉइड’ म्हटलं की माझ्यासमोरची खुर्ची मागे सरकते. पण हे गोळीसारखं अंगभर फिरत नाही. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि औषध थेट नळ्यांच्या अस्तरावर पडतं. घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते किंवा आवाज बसतो.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. व्यायाम सोडला तर तुम्हाला एरवी काहीच होत नसेल, रात्री खोकल्याने जाग येत नसेल, सर्दी छातीत उतरत नसेल, धुळीने शिंका-घरघर होत नसेल, तर कदाचित राईडपुरतं औषध पुरेल. यातलं काही होत असेल, तर तुम्हाला दमा आहे आणि सायकल फक्त त्याच्यावरचं पांघरूण काढते आहे. मग रोजचं स्टिरॉइड लागेल. मधला एक मार्ग अलीकडे मी बराच वापरते: ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप, राईडआधी आणि त्रास झाला तर. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांतच नळ्या उघडतं, आणि दर पफबरोबर थोडं स्टिरॉइडही जातं, म्हणजे सुजेचं कामही परस्पर होत राहतं. तुमच्यासारख्या आठवड्याला पाच दिवस सायकलवर असणाऱ्या माणसासाठी मी याच बाजूने झुकेन, पण हे आकडे बघितल्यावर. नळ्या उघडणारं नुसतं दीर्घकाळ टिकणारं औषध (फॉर्मोटेरॉलसारखं), स्टिरॉइडशिवाय, कुणी देऊ केलं तर मात्र घेऊ नका.

मॉन्टेल्युकास्टची गोळी हाही एक पर्याय आहे. व्यायामाआधी किमान दोन तास घ्यावी लागते, असर दिवसभर राहतो, आणि रोज घेतली तरी निळ्या पंपासारखा तिचा असर बोथट होत नाही. पण सगळ्यांना लागू पडत नाही. शिवाय तिच्यामुळे काहींना वाईट स्वप्नं पडतात, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली यासाठी वेष्टनावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. मी ती देते, पण घरच्या माणसासमोर हे सांगूनच.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: वेळेचं गणित दम्याकडे बोट दाखवतंय, पण मोजा, आणि दमा निघाला तर निळ्या पंपाची मात्रा न वाढवता त्याच्या मागची सूज उतरवा. स्टिरॉइडचा परिणाम दिसायला दोन-चार आठवडे जातात, पुरता उपयोग व्हायला आणखी. तुमच्या हातात दोन महिने आहेत, म्हणून म्हटलं, स्पर्धा आजच सोडू नका.

हे सगळं करण्याआधी मात्र एक अगदी साधी गोष्ट. माझ्याकडे ‘औषध लागू पडत नाही’ म्हणत येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा म्हणते, ‘माझ्यासमोर एक पफ घेऊन दाखवा.’ परवाच एक जण आला. पंप हलवला नाही, तोंडात धरला, दाबला, आणि मग श्वास आत ओढला. ओठांच्या कोपऱ्यातून पांढरी वाफ बाहेर येऊन माझ्या टेबलावर पसरली. औषध टेबलाला मिळालं, त्याला नाही. नीट घ्यायचा तो असा: पंप चांगला हलवा, बरेच दिवस वापरला नसेल तर एक-दोन फवारे हवेत सोडा. श्वास पूर्ण बाहेर सोडा, ओठ घट्ट मिटा, हळू आणि लांब श्वास आत ओढायला सुरुवात करा आणि त्याच क्षणी दाबा. तीन ते पाच सेकंद ओढत राहा, मग दहा सेकंद श्वास रोखा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने. दाबणं आणि ओढणं जुळत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, लावा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मीही लावते. कोरडी पूड भरलेल्या पंपाचं तंत्र बरोबर उलटं आहे, तो जोरात आणि झटक्यात ओढावा लागतो. दोन प्रकारचे पंप एकाच वेळी हातात आले की भले भले गोंधळतात.

सायकलस्वारांची आणखी एक खास अडचण: पंप जर्सीच्या मागच्या खिशात घामात भिजतो, नाहीतर उन्हात उभ्या गाडीत भाजून निघतो. दोन्ही वाईट. छोट्या घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा, तोंडाचं झाकण लावूनच; झाकण नसलेल्या पंपात खिशातला कचरा शिरतो आणि पफबरोबर घशात जातो. आणि पंप रिकामा तर नाही ना? मोजणी करणारा आकडा नसलेला पंप औषध संपल्यावरही फुस्स करतो. पाण्यात टाकून तरंगतो का बघायची पद्धत भरवशाची नाही, पफ मोजून ठेवणं हाच उपाय.

आता त्या दुसऱ्या चढाकडे. पहिल्या आवळण्यानंतर नळ्या काही वेळ शांत राहतात, मग खऱ्या चढाआधीच त्यांना थोडं चिडवून घेतलं तर? वॉर्मअपचा हिशोब हाच. मी सांगते तो क्रम असा: दहा-पंधरा मिनिटं सपाटीवर हलकं, गप्पा मारता येतील इतकंच. मग ३० सेकंद जोरात, पाऊण ते एक मिनिट अगदी सैल, असे सहा ते आठ फेरे. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं पुन्हा आरामात, आणि मग चढ. नुसतं संथ वॉर्मअप केलंत तर थोडा फायदा, हे झटके घातलेत तर बऱ्याच जणांना जास्त. तुमचा दुसरा चढ सोपा जातो म्हणजे तुम्ही या ‘बऱ्याच जणांत’ असण्याची शक्यता चांगली. डॉक्टरांनी पंप सांगितला असेल तर तो या झटक्यांच्या आधी घ्यायचा. शेवटी वर पोचल्यावर खाडकन थांबू नका, पाच-दहा मिनिटं हलकं पेडल मारत राहा.

उतारावर सांभाळा. घामेजलेलं अंग, उघडं तोंड आणि थंड वारा, तेही नेमके नळ्या आवळायच्या त्याच दहा मिनिटांत. थंड कोरड्या दिवशी तोंडावर कापडी बफ (गळ्यात घालायची पट्टी) ओढून घेतलात तर श्वासातली ओल आणि ऊब थोडी परत मिळते; दमट उकाड्यात त्याचा उपयोग नाही, उलट गुदमरायला होतं. नाकानेच श्वास घ्या असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. हलक्या राईडला जरूर घ्या, चढावर ते जमणार नाही, उगाच स्वतःला अपराधी वाटून घेऊ नका.

हवेचं म्हणाल तर, १०० लिटर हवा ओढणारा माणूस त्यातली घाणही त्याच प्रमाणात ओढतो. वर्दळीचा रस्ता टाळा. थंडीत पहाटे धूर जमिनीलगत कोंडलेला असतो, कडक उन्हाच्या दुपारी ओझोन वाढतो, परागकणांचा मोसम असेल तर ज्याचा त्याचा हिशोब निराळा. तुमच्या त्रासाच्या दिवसांची नोंद आणि हवेचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा, काही तरी सापडतंच. आणि सर्दी-खोकला होऊन गेला की नळ्या कित्येक आठवडे हळव्या राहतात. अशा दिवसांत राईड बंद करायची गरज नाही, पण इंटरव्हल आणि चढ बाजूला ठेवा. ‘मागच्या महिन्यापर्यंत बरा होतो’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्याच सुमाराला सर्दी झालेली असते.

मोठ्या राईडआधी अंगदुखी होऊ नये म्हणून आयब्युप्रोफेनसारखी गोळी टाकायची सवय असेल तर ती सोडा. दमा असलेल्यांपैकी काहींना या गोळ्यांनीच जोरदार झटका येतो. रक्तदाबाच्या गोळीत किंवा काचबिंदूच्या थेंबांत बीटा ब्लॉकर या प्रकारचं औषध असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. डोळ्यांत घातलेला थेंबसुद्धा छातीत त्रास देऊ शकतो. आहाराबद्दल विचारलं नाहीत ते बरं केलंत. माशाच्या तेलाने, मीठ कमी केल्याने थोडा फरक पडतो असं काही अभ्यासांत दिसलंय, पण त्याच्या भरवशावर पंप घरी विसरून जावा इतका नाही.

स्पर्धेत उत्तेजक चाचणी होणार असेल तर नियम वाचून ठेवा. वाडा या उत्तेजकविरोधी जागतिक संस्थेच्या यादीप्रमाणे श्वासातून घेतलेलं सालब्युटामॉल २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, पण कुठल्याही ८ तासांत ६०० च्या वर नाही. एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतील तर आठ तासांत सहा पफ. फॉर्मोटेरॉललाही मर्यादा आहे, श्वासातल्या स्टिरॉइडला परवानगी आहे, स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन स्पर्धेच्या काळात चालत नाही. सालब्युटामॉलचंच भाऊबंद असलेलं टर्ब्युटालिन तर श्वासातून घ्यायलाही आधी परवानगी लागते. ब्रिटिश सायकलपटू क्रिस फ्रूमच्या लघवीत स्पेनच्या २०१७ च्या व्हुएल्टा शर्यतीत सालब्युटामॉल मर्यादेच्या दुप्पट सापडलं होतं. २०१८ मध्ये प्रकरण शिक्षेविना बंद झालं, पण मधले महिने त्याने काय भोगलं असेल! आणि हो, दमा नसलेल्याने नेहमीच्या मात्रेत पंप मारला म्हणून तो जोरात सायकल चालवत नाही. तुमच्या गटातल्या मित्रांनी पंप मागितला तर देऊ नका.

दम्याचा झटका आला तर काय करायचं हे सोबतच्यांना आधीच सांगून ठेवा, कारण तेव्हा तुम्हाला बोलता येणार नाही. सायकलवरून उतरा, बसा, थोडं पुढे झुका, आडवे पडू नका. निळा पंप स्पेसरमधून एकेक पफ, अर्ध्या-एक मिनिटाच्या अंतराने, चार ते दहापर्यंत. फरक पडला नाही, एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतायत, किंवा बरं वाटून लगेच पुन्हा वाढतंय, तर थेट दवाखाना, आणि वाटेत पफ चालू ठेवायचे. बरं वाटलं तरी त्या दिवशी सायकल चालवत घरी जायचं नाही. अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली, ओठ-जीभ सुजली तर तो दमा नव्हे, व्यायामाने आलेली तीव्र ॲलर्जी असू शकते. तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं, त्यात वेळ घालवायचा नाही.

आता तुमची १०० किलोमीटरची स्पर्धा. या आठवड्यात पीक फ्लोचे आकडे जमवा आणि ते घेऊन डॉक्टरांकडे जा. त्यांनी औषध बदललं तर पहिले तीन-चार आठवडे तब्येतीत राईड करा, जोर नाही. पाचव्या आठवड्यात तोच चढ, तोच वॉर्मअप, आणि वर पोचल्यावर पुन्हा ५, १०, १५, ३० मिनिटांचे आकडे. घसरण १० टक्क्यांच्या आत आली असेल आणि रात्रीची झोप शांत असेल, तर मी तुम्हाला जाऊ देईन. नसेल, तर यंदा शेवटच्या गटात गप्पा मारत जा, नाहीतर पाण्याच्या टेबलावर उभे राहा. आणि त्या दिवशी पंप दोन घ्या, एक तुमच्या खिशात आणि एक सोबत जाणाऱ्याच्या.